आमच्या वाट्याला आलेले पाय

२ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. कारण इतिहास घडतोय, आणि तो घडवणारा नि लिहिणारा माणूस एकच असला की चुका कमी होतात.

आमची निवड झाली! सकाळी संयोजक बाईंचा फोन. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या तरुण कलाकारांनी मिळून एक दोनमजली बाहुला करायचा, नाव ‘पाहुणा’. एप्रिलमध्ये तो आपल्या बाजूने पुलावर चढणार, मधली पांढरी रेघ ओलांडणार, पलीकडे दोन रात्री मुक्काम करणार आणि परत येणार. त्याला आतून चालवणारे कलाकार त्याच्याबरोबर जाणार. म्हणजे मी जाणार! पुलाच्या या टोकाला उभं राहून पलीकडचे दिवे बघण्यात माझं लहानपण गेलं. आमच्या घरातल्या कुणीही ती रेघ आजवर ओलांडलेली नाही. मी पहिला.

ग्रुपमध्ये आम्ही तिघं. मी (प्रमुख, संकल्पना, दिग्दर्शन, भाषण). डिंक, म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. बांबू आणि कागदाचा लगदा हे त्याचं खातं. एकदा एखाद्या गोष्टीला चिकटला की सुटत नाही, म्हणून डिंक. आणि पिपाणी, शिवणकाम व वाद्यं. हे नाव तिच्या आवाजावरून पडलंय, तिच्यासमोर घेत नाही.

डिंकाला सांगितलं तेव्हा तो रस्त्यातच नाचला. मीही नाचलो असतो, पण प्रमुखाला जरा जपून वागावं लागतं.

संकल्प: रोज व्यायाम. रोज एका तरी माणसाशी शांततेने बोलणे. रागावर ताबा.

३ फेब्रुवारी

व्यायाम उद्यापासून.

भाऊजींशी शांततेने बोललो. विषय: त्यांचं गॅरेज कार्यशाळेसाठी मिळावं. मी ताईकडे राहतो, म्हणजे एका अर्थी ते गॅरेज माझंही आहे. भाऊजी म्हणाले, मग गाडी कुठे ठेवू, गच्चीवर? मी म्हणालो, दोन देश जवळ येतायत आणि तुम्हाला एका गाडीचं पडलंय. ते म्हणाले, दोन देशांनी माझ्या गॅरेजमध्येच जवळ यायला हवं असं कुठे लिहिलंय? यावर मी थोडा मोठ्याने शांततेने बोललो. शेवटी ताईने निकाल दिला: गाडी एप्रिलपर्यंत रस्त्यावर, दर रविवारी मी धुवायची.

वाटाघाटींचा पहिला विजय. पलीकडे गेल्यावर भाषणात हा किस्सा सांगता येईल.

१० फेब्रुवारी, संध्याकाळ

पहिली ऑनलाइन बैठक. पलीकडच्या ग्रुपचा प्रमुख माझ्याच वयाचा. दाढी, गळ्यात मफलर, पाठीमागे पुस्तकांचं कपाट. माझ्या पाठीमागे भाऊजींचं जुनं टायर दिसत होतं. उद्यापासून तिथे पुस्तकं. त्यांची भाषा जवळजवळ आपलीच, फक्त वाक्याच्या शेवटी ते जरासा झोका घेतात. रोजनिशीत मी त्या प्रमुखांना ‘माझे समपदस्थ’ म्हणणार आहे. भारदस्त वाटतं.

समपदस्थ म्हणाले, शांतता ही एक भावना आहे. मी म्हणालो, भावना हीच एक शांतता आहे. मग आम्ही दोघंही बराच वेळ भारावून गप्प बसलो. डिंकाने विचारलं, नेट गेलं का?

११ फेब्रुवारी

धक्का.

संयोजक बाईंनी कामाची वाटणी सांगितली. पाहुण्याचा वरचा भाग त्यांनी करायचा, खालचा आपण. खालचा म्हणजे पाय. पाय! डोक्यात विचार असतात, स्वप्नं असतात, फोटो डोक्याचा निघतो. पायांचा फोटो कोण काढतं? फक्त डॉक्टर.

डिंक मात्र खूश. म्हणे बाहुला चालणार आहे ना, मग चालणं आपल्या वाट्याला आलं, आणखी काय पाहिजे? पिपाणी टेप घेऊन विजारीला कापड किती लागेल ते बघायला लागलीसुद्धा. मी खिन्न होऊन बाहेर आलो आणि गाडीला टेकून उभा राहिलो. भाऊजी खिडकीतून ओरडले की टेकू नका, रंग जातो.

व्यायाम: नाही. मन:स्थिती नव्हती.

१५ फेब्रुवारी

सुचलं! अंघोळ करताना सुचलं, तसाच बाहेर आलो असतो पण ताई पॅसेजमध्ये होती.

पाहुण्याला दोन डोकी! एक त्यांच्याकडे बघणारं, एक आपल्याकडे. त्यांचं डोकं ते करतायतच, आपलं मी करायचं. हा वाटणीचा भंग नाही, वाटणीचा विस्तार आहे. समपदस्थांना आधी सांगायचं नाही, सरप्राइज. आणि डोकं म्हटलं की ते चालवायला आत माणूस हवा. आतून कोण जाणार, हे आता उघड आहे. रेघेपलीकडे सगळ्यात पुढे डोकं जातं. पाय मागून येतात.

१८ फेब्रुवारी

डिंकाला कळलं. अर्धा लगदा नाकातच गेला होता, त्यामुळे लपवणं अवघड होतं.

तो म्हणाला, आपल्याला दिलंय ते आधी नीट करू या. मी म्हणालो, तुला दृष्टी नाही. तो म्हणाला, दृष्टी आहे, म्हणून तर दिसतंय की लगदा संपलाय. मग मी म्हणालो की तू जन्मभर पायच करत बसणार. त्याने ब्रश धुतला, फडक्याने पुसला, डब्यात उभा ठेवला आणि घरी गेला.

मी बरोबर होतो. आवाज थोडा चढला असेल.

२० फेब्रुवारी

डिंक बोलत नाही. मीही बोलत नाही. मी बोलत नाही हे त्याच्या लक्षात यावं म्हणून त्याला तीनदा सांगितलं.

गॅरेजच्या एका बाजूला मी डोकं करतो, दुसऱ्या बाजूला तो आणि पिपाणी पाय करतात. आज ‘संवादाचे पूल’ या विषयावर लेख लिहायला घेतला. दुसऱ्या ओळीवर असताना पिपाणी शिट्टी वाजवत आत आली. तिच्यावर ओरडलो. लेख राहिला.

२६ फेब्रुवारी, बैठकीनंतर लगेच

सांस्कृतिक देवाणघेवाण किती खोलवर गेली आहे याचा आज पुरावा मिळाला. मोठी कात्री डिंकाकडे होती आणि मला ती हवी होती. पण आम्ही बोलत नाही. म्हणून व्हिडिओ कॉल चालू असताना मी समपदस्थांना म्हणालो, जरा त्याला सांगा की कात्री दे. समपदस्थांनी पलीकडच्या देशातून डिंकाला कात्री द्यायला सांगितलं. डिंकाने त्यांना सांगितलं की आधी म्हणावं, माझा सुतळीचा गुंडा परत दे. तेही समपदस्थांनी मला अगदी जबाबदारीने कळवलं. मी गुंडा दिला, त्याने कात्री दिली. दोघांमधलं अंतर दोन हात होतं. संदेश सीमा ओलांडून गेला आणि परत आला.

समपदस्थ जाताना म्हणाले, इतकी गुंतागुंतीची परिस्थिती आमच्याकडेही नाही. मला अभिमान वाटला.

१ मार्च, रविवार

गाडी धुवायची होती. पावसाची वाट बघावी असं ठरवलं. पाणी वाचतं.

७ मार्च

डोकं झकास होतंय. नाक पूर्ण. गाल पूर्ण. हा चेहरा कुणा एकाचा नाही, तो अखिल मानवाचा आहे. ताई गॅरेजमध्ये डोकावली आणि म्हणाली, अगं बाई, हा तर तूच! मी तिला समजावलं की प्रत्येकाला त्यात आपलाच माणूस दिसतो, हेच तर यश आहे. तिने पिपाणीला बोलावून विचारलं. पिपाणीलाही मीच दिसलो. भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, कान कमी मोठे केलेत.

कान वाढवणार.

डिंकाने बघितलं नाही. बघितलं असावं, पण मी बघत नसताना. आज बांबू वाकवताना त्याचा हात चिरला, तेव्हा मी पटकन फडकं पुढे केलं. त्याने घेतलं. फडक्याला रंग लागलेला होता, हे मागाहून आठवलं.

१२ मार्च

पाय उभे राहिले. मान्य करायला हरकत नाही, उंच झालेत. ताईच्या जुन्या पडद्यांची प्रचंड विजार, आत बांबूचा सांगाडा, प्रत्येक पायात दोन माणसं: एक गुडघ्याच्या दोऱ्या ओढणार, एक खाली टाच सांभाळणार. एकूण चार माणसं. आणि डिंकाकडे दोनच आहेत, तो आणि पिपाणी. आता येईल माझ्याकडे, असं वाटून मी दिवसभर दारातच बसलो.

तो ताईकडे गेला. ताई लगेच हो म्हणाली! माझी सख्खी बहीण! म्हणे तिला शाळेत कवायतीत पहिला नंबर होता. हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळतंय.

१४ मार्च

भाऊजीही गेले.

डिंकाने त्यांना पटवलं की पाय घडी करून टांगता येतात. चाल बसली की रोज पाय वर, गाडी आत. अडचण फक्त डोक्याची आहे, असंही म्हणाला म्हणे. भाऊजी ऑफिसचे बूट घालूनच डाव्या टाचेत शिरले. ताई डाव्या गुडघ्यात. नवराबायको एकाच पायात! संध्याकाळी गल्लीत चाल करून बघितली. डिंक आतून डावा, उजवा असं ओरडतो आणि पाय चालतो. मुलं मागे पळत होती. भाऊजी बाहेर आले तेव्हा शर्ट भिजलेला आणि चेहरा असा की यांना मी इतक्या वर्षांत कधी हसताना बघितलंच नव्हतं की काय. रस्ताभर बोलत होते, क्लच, गिअर, टाच कशी अलगद सोडायची.

मी गॅरेजमध्ये कान वाढवत होतो. वाढवताना गल्लीतली गंमत सगळी ऐकू येते.

संकल्प: मत्सर करायचा नाही. करत नाहीच. तरी.

२२ मार्च

संयोजक बाईंचा फोन. पुलावरच्या अधिकाऱ्यांची अट: रेघ ओलांडायची परवानगी फक्त पाहुण्याच्या आत असणाऱ्यांना. बाहेरून चालणारे, ढोल वाजवणारे, फोटो काढणारे सगळे अलीकडे थांबणार.

मला काळजी नाही. मी डोक्याच्या आत असेन. नाकपुडीतून दिसेल अशी सोय करून ठेवली आहे.

२५ मार्च

पहिलं पाऊल कसं टाकायचं, याचा सराव सुरू केला. बाथरूमचा उंबरठा म्हणजे रेघ. उजवा पाय, क्षणभर थांबणं, मान थोडी वर, मग भाषण. भाषणाची सुरुवात: मी चेहरा घेऊन आलोय, तुम्ही मन घेऊन या. तिसऱ्या वेळी फरशी ओली होती. कंबर धरली आहे. ताई विचारत होती, इतका वेळ आत काय करतोस?

२९ मार्च

समपदस्थांना सहज विचारलं, तुमचं काम कुठवर आलं? म्हणाले, डोकं जवळपास झालंय, डोळे मिटलेले ठेवलेत, ध्यानमग्न. तुमचं? मी म्हणालो, आमचंही होत आलंय. खोटं काहीच बोललो नाही. त्यांना काय वाटलं असेल ते त्यांचं.

त्यांच्या कपाटामागून एक मोठा कान दिसत होता. आमच्यात किती साम्य आहे! पुढेमागे दोन देश एक व्हायचे असतील तर आमच्यासारख्या दोघांमुळेच होतील.

डिंकाशी बोलावं असं आज वाटलं. गॅरेजमध्ये आम्ही दोघंच होतो. तो सुतळीला मेण लावत होता. मी खाकरलो. त्याने वर बघितलं. मी पुन्हा खाकरलो आणि मला खरंच खोकला झाल्यासारखं दाखवून बाहेर आलो. मोठ्या माणसाने पुढाकार घ्यावा, आणि मी त्याच्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान आहे.

५ एप्रिल

गाडी धुतली! मनापासून. भाऊजींनी बघितली आणि म्हणाले, ही आपली नाही, शेजाऱ्यांची आहे.

८ एप्रिल, पहाटे

आज! पांढरा शर्ट. भाषण पाठ. कंबर बरी. डोकं हातगाडीवर चढवलं, माझं मलाच भरून आलं. पाय पुढे गेलेत, त्यांना उशीर नको होता म्हणे. हातगाडी एकट्याने ढकलावी लागणार. हरकत नाही. नेतृत्व म्हणजे एकटेपण.

८ एप्रिल, रात्र

लिहायचं नव्हतं. पण दुसरं कुणी घरात नाही, मग सांगणार कुणाला?

पूल माणसांनी भरला होता, दोन्ही बाजूंनी. पुढे पाय चालत होते, आत पिपाणी बासरी वाजवत होती, त्यामुळे आवाज गुडघ्याखालून येत होता. मागे मी आणि डोकं. पुलाचा चढ फार आहे, लांबून वाटत नाही. रेघेशी पोचलो तर समोरून दुसरी हातगाडी. तिच्यावर भलंमोठं डोकं, आणि मागे घामाघूम समपदस्थ. प्रत्यक्षात ते माझ्याहून बुटके आहेत. त्यांच्या डोक्याला दाढी होती आणि गळ्याशी मफलर रंगवला होता. म्हणजे सरळसरळ स्वतःचंच डोकं करून आणलं होतं! माणसाने इतकं आत्ममग्न असू नये.

ते माझ्या डोक्याकडे बघत राहिले. म्हणाले, हे काय? मी म्हणालो, सरप्राइज. ते म्हणाले, वरचा भाग आमचा ठरला होता. मी म्हणालो, डोळे मिटलेला पाहुणा रस्ता कसा बघणार? ते म्हणाले, तुमचा पाहुणा डोळे फाडून काय बघतोय? मी म्हणालो, हे मी शांततेसाठी केलंय. ते म्हणाले, मीही शांततेसाठीच केलंय. मी म्हणालो, मी जास्त केलंय. मग आम्ही दोघंही शांततेसाठी, शांततेसाठी असं एकमेकांच्या तोंडावर ओरडत होतो आणि पुलावरचे अधिकारी खुर्ची सोडून उठले. संयोजक बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

तेवढ्यात उजव्या गुडघ्यातून डिंकाचा आवाज आला. कुणा एकाला उद्देशून नाही, असाच. धड कुठंय?

मी समपदस्थांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे. पाय होते. डोकी दोन होती. मधलं काहीच नव्हतं: छाती नाही, हात नाहीत, पोट नाही. डोकं बसवायचं कशावर? समपदस्थ हळूच म्हणाले, करायचं मनात होतं, पण कानांना फार वेळ लागला. मला माहीत आहे. कानांना लागतोच. त्या क्षणी त्या माणसाइतकं जवळचं मला जगात कुणी वाटलं नसेल, आणि त्याच क्षणी त्याला पुलाखाली ढकलावं असंही वाटलं.

अधिकारी म्हणाले, ऊन वाढतंय, जायचंय त्यांनी जा, पाहुण्याच्या आतले तेवढे चला. मी म्हणालो, मी डोक्याच्या आतला. त्यांनी डोक्यावर टकटक करून बघितलं, नाकपुडीतून वाकून आत बघितलं आणि शांतपणे विचारलं, आणि डोकं कशाच्या आत आहे?

माझ्याकडे भाषण होतं, पण ते दुसऱ्या विषयावर होतं.

मग नुसते पाय गेले. डिंक आतून ओरडला, डावा. डावा पाय उठला, रेघेवर जरासा थांबला आणि पलीकडे टेकला. पुलाच्या त्या टोकाला जो काय कल्ला झाला! डोकं नाही, धड नाही, नुसती मजलाभर उंच विजार नाचत येतेय म्हटल्यावर मुलं वेडी झाली. पाय गुडघ्यात वाकले, म्हणजे नमस्कार असावा. मुलं खाली बसून उठली, म्हणजे तिकडचा नमस्कार. एक आजोबा टाळ्या वाजवत ओरडले, बरं झालं, याला डोकं नाही! सगळे हसले. अधिकारीसुद्धा. विजारीच्या शिवणीतून ताईचा हात बाहेर आला आणि माझ्या दिशेने हलला. त्या गर्दीत डावी टाच सगळ्यात जोरात थिरकत होती. भाऊजी.

समपदस्थ पायांच्या मागे पळाले. डोकं तिथेच टाकून.

आमच्या घरातल्या दोघांनी आज रेघ ओलांडली. मी तिसराही नाही. मला फार वाईट वाटलं. डिंकाला हाक मारावी असं वाटलं, पण बासरी, मुलं, टाळ्या, यात ती पोचली नसती. आणि काय म्हणून मारणार होतो?

दोन्ही डोकी रेघेच्या दोन बाजूंना एकमेकांकडे बघत उभी आहेत. अधिकारी म्हणाले, परवापर्यंत राहू देत, पाखरं तरी बसतील.

९ एप्रिल

मोठा लेख लिहायला घेतला: ‘डोकं नसलेली शांतता, एक इशारा’. शीर्षकानंतर थांबलो. ते आजोबा आठवले.

ताईचा फोन आला. मागे इतका गोंगाट की ती ओरडून बोलत होती. तिकडच्या लोकांनी चौघांना चार घरी नेलं होतं, पण रात्री सगळे एकाच घरात जमले. भाऊजींना तिकडे सगळे टाचसाहेब म्हणतात आणि ते तिकडच्या मुलांना टाच अलगद कशी सोडायची ते शिकवतायत. पिपाणीचा नाचताना पाय मुरगळला, उद्या तिला उजव्या टाचेत उभं राहता येणार नाही, तिला विजारीतच खुर्चीवर बसवून आणणार. समपदस्थांनी काल रात्रीच टाच मागितली म्हणे. मागितली! सकाळपासून सराव करतायत, मफलर दोरीत अडकतो म्हणून काढून ठेवलाय. पण त्यांना रेघेपर्यंतच येता येईल. पुढे त्यांना परवानगी नाही, ती आपल्या बाजूने आत शिरलेल्यांनाच आहे.

मी विचारलं, डिंक आहे का तिथे? ताई म्हणाली, इथेच बसलाय. मी विचारलं, तो माझ्याबद्दल काही म्हणाला का? थोडा वेळ नुसता गोंगाट. मग ताई म्हणाली, तो विचारतोय, तू त्याच्याबद्दल काही म्हणालास का?

मी म्हणालो, इकडे रेंज नाहीये. आणि फोन ठेवला. रेंज पूर्ण होती.

घरात कुणी नाही. गॅरेजमध्ये कुणी नाही. गाडी रस्त्यावर, तिचा कुणाला त्रास नाही. दोन महिने मी जिच्यासाठी भांडलो ती शांतता घरभर आहे, आणि ती मला अजिबात आवडलेली नाही.

१० एप्रिल, सकाळ

ताईचा पुन्हा फोन. रेघेपासून घरापर्यंत उजवी टाच रिकामी आहे, आपल्या बाजूचा माणूस लागेल. डिंकाने विचारायला सांगितलंय. मी म्हणालो, विचार करून कळवतो. कामं बरीच आहेत.

पुलावर पोचलो तेव्हा अधिकारी नुकते खुर्ची मांडत होते.

१० एप्रिल, संध्याकाळ

दुपार कलता कलता पाय आले. माणसं पुलाच्या मध्यापर्यंत सोडायला आली होती. मुलं रडत होती, दोन-चार मोठी माणसंही. पाय रेघेवर थांबले. विजारीच्या मागची फट उघडली आणि समपदस्थ बाहेर आले: केस चिकटलेले, गुडघे मळलेले, मफलर नाही. मी भाषणातलं एखादं वाक्य म्हणणार होतो. त्यांनी टाचेची दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आत गरम आहे. दोरी ओली होती. मी त्यांना म्हणालो, कान चांगले झाले होते हो तुमचे. ते म्हणाले, तुमचेही.

मी रेघ ओलांडली नाही. रेघेच्या अलीकडून आत शिरलो. नोंद म्हणून लिहून ठेवतो: प्रमुखाने सगळ्यांच्या पायाशी असावं, हे मत माझं पहिल्यापासूनच आहे.

आत अंधार. पडद्यांचा वास, बांबूचा वास, शेजारच्या पायातून भाऊजींचा आवाज, ते मला सांगत होते की अलगद, अलगद, तुम्ही दाबताय. पिपाणी खुर्चीवर बसून बासरीत फुंकत होती. माझ्या डोक्याच्या वर डिंकाची पाठ, शर्ट पाठीला चिकटलेला. मला बरंच काही म्हणायचं होतं. पायांबद्दल मी जे बोललो त्याबद्दल. तोंड उघडलं, तर तोंडात पडद्याची झालर गेली.

तो वळला नाही. दोऱ्या हातात गुंडाळून घेतल्या आणि म्हणाला, उचल.

मी उचलली.